शून्याचा अर्धा

पान एकशे त्रेचाळीसवर तिला स्वतःची सही दिसली, आणि ती आधी चक्क हसली. दुकानाच्या काचेत कुणीतरी बाई दिसावी, ‘किती दमलेली दिसते ही’ असं मनात यावं आणि मग ती आपणच आहोत हे कळावं, तसं काहीसं झालं. रविवारची दुपार होती. धाकटा भाऊ आत चहा करत होता, भावजय मुलांना घेऊन बाहेर गेली होती, आणि भाड्याच्या त्या दीड खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून ती त्यानं हातात दिलेलं जाडजूड, गुळगुळीत पुस्तक चाळत होती. ‘ताई, तू त्यातली आहेस, जरा नजर टाक,’ तो म्हणाला होता. शहराच्या पूर्वेला चौदा टॉवरांची वसाहत उभी राहत होती. सातव्या टॉवरात त्यानं घर घेतलं होतं. भिंती झाल्या होत्या, खिडक्या बसल्या होत्या, वसाहतीचं सांडपाणी शहराच्या गटाराला जोडायची परवानगी तेवढी अडकली होती. गुरुवारी त्यावर जाहीर सुनावणी होती, आणि बिल्डरनं घरं घेणाऱ्या सगळ्यांना हे पुस्तक वाटून सुनावणीला या म्हणून सांगितलं होतं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर हिरव्या अक्षरांत ‘शाश्वत वाढ’ असं छापलेलं होतं आणि शेजारी आणखी एक पान, म्हणजे झाडाचं. शाईचा कोरा वास येत होता. एकशे त्रेचाळीसवर एका जुन्या प्रमाणपत्राची छायाप्रत होती: ‘पूर्व मैलाशुद्धीकरण केंद्राची चाळीस टक्के क्षमता सध्या शिल्लक आहे.’ खाली सही, केंद्राची केमिस्ट म्हणून, तिची. शेवटच्या अक्षराला लांब शेपटी होती. ती शेपटी तिनं कंटाळून कधीच सोडून दिली होती, त्यामुळे सही जुनी आहे हे तिला लगेच कळलं. अकरा वर्षांपूर्वीची. तारीख जिथे असायची तिथे कागद अगदी सरळ रेषेत कापलेला होता.

“अगं, ही तर तुझी सही!” चहा ठेवता ठेवता धाकट्याचं लक्ष गेलं. “मला कशी दिसली नाही? ताई, मग झालंच की आपलं काम.”

“कधीची आहे ते बघ.”

“तारीख नाहीये.”

“नाहीये ना?”

“मग काय झालं? सही तर आहे.” तो खाली सतरंजीवर बसला, गुडघे हातांनी कवटाळून, लहानपणी बसायचा तसा, आणि बोलत सुटला. सातव्या टॉवरातून पूर्वेचं मोकळं माळरान दिसतं. स्वयंपाकघरात उजेड आहे, दिवसा दिवा लावावा लागणार नाही. अकरा वर्षांत सात घरं बदलली, थोरलीला अजून वाटतं की शाळा दरवर्षी बदलायचीच असते, तशी पद्धतच असते. तो हे हसत सांगत होता. तिनं चहा कढतच घोटला, जीभ पोळली, आणि पुस्तक काखेत मारून ती उठली.

राग तिला नेहमी उशिरा यायचा. पाहुणे निघून गेल्यावर, त्यांचे उष्टे कप विसळताना. नवरा होता तोवर तो तिची थट्टा करायचा, ‘तुझ्याशी भांडायचं तर माणसानं दुसऱ्या दिवशी यावं.’ आताही ती अर्ध्या रस्त्यात आली तेव्हा कुठे कानशिलं तापली. रस्ता उकरलेला होता. हा रस्ता कायमच उकरलेला असे. आधी पाण्याची नळी टाकायला, मग तारा टाकायला, मग आधीच्यांनी तोडलेलं जोडायला. दोन्ही बाजूंना हिरव्या जाळ्यांत गुंडाळलेल्या इमारती उभ्या होत्या, वर लोखंडी हात आकाशात फिरत होते, आणि ती मजले मोजत चालली होती. मजले मोजायची तिला वाईट खोड होती. इतर लोक इमारतीकडे बघून म्हणत, केवढी उंच! ती बघे आणि मनात हिशेब मांडे: बावीस मजले, मजल्यावर सहा घरं, घरात चार माणसं, आणि सकाळी सहा ते दहा या वेळात त्या सगळ्या माणसांची पोटं. कुणाला सांगण्यासारखा विचार नव्हता हा. पण शहरात कुणीतरी एकानं हा विचार करायला हवा होता, तेवढ्यासाठी तिला पगार मिळत होता, आणि तिनं तो केला होता, इमानेइतबारे केला होता, अकरा वर्षांपूर्वी लिहून, सही करून दिला होता. त्यांनी त्यातला ‘सध्या’ हा शब्द उचलला आणि डबाबंद करून ठेवला. गरज पडली की झाकण उघडायचं. अकरा वर्षांचं शिळं ‘सध्या’. आणि तिला लाज कशाची वाटत होती, तर सही देखणी दिसत होती याची.

केंद्र नवं होतं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. चार लाख माणसांचं मैलापाणी साफ करायचं म्हणून बांधलेलं. त्या वेळी पूर्वेकडे दीड लाखही वस्ती नव्हती. तेव्हाचा मोठा इंजिनीअर हात पसरून दाखवायचा, ही टाकी, ती टाकी, आणि पलीकडचं हे सगळं मोकळं रान पुढच्या वाढीसाठी राखून ठेवलंय, शहर दुप्पट झालं तरी चिंता नाही. शेवटच्या टाकीत, जिथून साफ पाणी नदीला जायचं, तिथे तिनं स्वतः मासे सोडले होते. शाळांच्या सहली यायच्या. मुलं नाक दाबून आत शिरायची आणि माशांपाशी आली की हात खाली करायची. ती त्यांना सांगायची की घाण खाणारे जिवाणू असतात, फार गुणी असतात, नुसती हवा दिली की रात्रंदिवस जेवतात. एका मुलीनं विचारलं होतं, त्यांचं पोट भरलं तर? सगळे हसले होते. तीही हसली होती. मग पूर्वेचा माळ विकला जायला लागला, आणि दीड लाखांचे चार झाले, सहा झाले. राखीव रानावरचं आरक्षण एका बैठकीत उठलं आणि तिथे चोवीस मजले उभे राहिले. नाव काय, तर ‘नदीकिनारा’. त्या इमारतीच्या केंद्राकडच्या खिडक्या कायमच्या बंद असतात आणि तिथले रहिवासी दर महिन्याला वासाची तक्रार करतात. आता पूर्वेला आठ लाख आहेत. आठ वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी मासे उताणे तरंगताना दिसले. ते तिनं चाळणीनं काढले, झाडाच्या आळ्यात पुरले, आणि त्याच आठवड्यात तीन पानांचं टिपण लिहून वर पाठवलं. मथळा दिला, ‘आधी गटार, मग घर’. केंद्रात जेवढी जागा होईल तेवढ्याच टॉवरांना दर वर्षी परवानगी द्या. मोठ्या वसाहतींना आपलं पाणी आपल्याच आवारात साफ करायला लावा, तेच संडासाला आणि झाडांना वापरू द्या. राखीव रान परत घ्या. काही जगावेगळं नव्हतं त्यात. घर सांभाळणारी कुठलीही बाई पाहुणे बोलवायच्या आधी जेवढं बघते तेवढंच होतं. टिपणावर शेरा आला, ‘भाषा सौम्य असावी.’

आणि तरी तिला खरा संताप यायचा तो या कशाचाच नव्हता. खरा संताप चाकाचा होता. टाक्यांच्या अलीकडे एक लोखंडी दार होतं, ते उघडलं की येणारं मैलापाणी टाक्यांत न जाता तसंच, जसं आलं तसं, बाजूच्या नाल्यातून नदीत पडायचं. अतिवृष्टीत टाक्या फुटू नयेत म्हणून केलेली सोय. दार उघडायला मोटारीच्या चाकापेक्षा मोठं चाक होतं, आणि ते फिरवणाऱ्या माणसाला सगळे चाकवालाच म्हणत. पहिली काही वर्षं तो वर्षातून दोनदा चाक फिरवायचा आणि आधी तिला विचारायला यायचा, ‘बाई, उघडू?’ मग महिन्यातून दोनदा. मग रोज सकाळी. हल्ली तो विचारायचा ते, ‘बाई, बंद करू का थोडा वेळ? चाकाला तेल घालायचंय.’ म्हणजे नऊ वाजता नदीत जाणाऱ्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी कुणी साफ केलेलंच नसायचं. आणि तिचे अहवाल? एकूणएक खरे. एक आकडा खोटा लिहिला नव्हता तिनं सव्वीस वर्षांत. पण नमुना कुठून घ्यायचा ते कागदावर ठरलेलं होतं: शेवटच्या टाकीतून. नाला जिथे नदीला मिळतो तिथून घ्या असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून तिनं घेतला नव्हता. टाकीतलं पाणी खरंच चांगलं असायचं. खऱ्या आकड्यांची अशी चळत रचून तिनं एक धडधडीत खोटं उभं केलं होतं. ते तिला ठाऊक होतं. दर महिन्याच्या पाच तारखेला, अहवाल पाठवताना, ठाऊक होतं.

नदीच्या खालच्या अंगाला एक छोटं गाव होतं, त्याला पाणी नदीचंच. दोन वर्षांपूर्वी तिथल्या दवाखान्यातली नर्स आली होती, बस बदलून, हातात बाटली घेऊन. पन्नाशीची, सडपातळ, पायातल्या चपला दाराबाहेर काढून आत आली. प्रयोगशाळेत कुणी चपला काढत नाही, हे तिला सांगावंसं वाटलं आणि जमलं नाही. ‘नळाचं पाणी आहे,’ नर्स म्हणाली. ‘आमच्याकडे यंत्र नाही. सतरा जणांना कावीळ आहे, त्यात दोघी पोटुशा आहेत. एवढं बघून द्या.’ तिनं बघून दिलं. त्या पाण्यात काय होतं ते तिला यंत्राआधीच माहीत होतं. रोज नऊ वाजता ते तिच्या डोळ्यांसमोरून जायचं. ‘उकळून प्यायला सांगा,’ ती म्हणाली, ‘पाणी चांगलं नाही.’ ‘लिहून द्याल का?’ नर्सनं विचारलं. ‘लिहून देता येणार नाही. बाहेरचे नमुने आम्ही घेत नाही.’ नर्सनं रिकामी बाटली धुऊन मागून घेतली, चपला घातल्या आणि ती गेली. पुढे त्या दोघींचं काय झालं हे तिनं कधी विचारलं नाही. नर्स ज्या टेबलापाशी उभी होती त्या टेबलावर ती रोज डबा खात आली होती.

सोमवारी ती पुस्तक घेऊन सरळ मोठ्या साहेबांकडे गेली. साहेबांना सगळे पाठीमागे लोणीसाहेब म्हणत. ते कधी आवाज चढवत नसत, कुणाला नाही म्हणत नसत, आणि त्यांच्या हातून काहीही सहज निसटून जात असे. “या बाई, बसा. चहा?”

“नको. हे बघा.”

साहेबांनी चष्मा लावला, पान बघितलं, चष्मा काढला. “सही तुमचीच ना?”

“हो.”

“म्हणजे खोटी नाही.”

“नाही.”

“मजकूर खोटा होता का?”

“तेव्हा नव्हता.”

“मग तक्रार काय आहे?” हे त्यांनी इतक्या मनापासून विचारलं, की क्षणभर तिलाच ती आठवेना.

“तारीख कापलीय, साहेब.”

“छायाप्रत काढताना कडा जातात हो. यंत्रं जुनी झालीत.” ते खुर्चीत मागे रेलले. “बाई, शहर काय तुमच्यामाझ्या परवानगीनं वाढतं? लोक येतात. कामं आहेत म्हणून येतात. त्यांना म्हणायचं का, थांबा, आमच्या टाक्या भरल्यात? त्यांना घरं नकोत?”

“लोक येणार हे मला कळतं. येताना पोटं बरोबर घेऊन येतात, एवढंच मी आठ वर्षं लिहितेय.”

साहेब छान हसले. मग टेबलावरची पेन्सिल सरळ करत, तिच्याकडे न बघता म्हणाले, “तुमच्या भावाचं घर आहे ना त्यात? सातव्या टॉवरात? नाही, मी काही म्हणत नाही. माहीत असलेलं बरं.”

यावेळी राग वेळेवर आला. तिला स्वतःलाच नवल वाटलं. पायांच्या तळव्यांपासून चढत तो गळ्यापर्यंत आला आणि तिथे थांबला, आणि डोकं मात्र स्वच्छ राहिलं, काचेसारखं. ती प्रयोगशाळेत परत आली, दार लोटलं, आणि मागच्या तीन वर्षांच्या नोंदवह्या काढल्या. चाक कधी उघडलं आणि कधी बंद केलं, याच्या वेळा चाकवाला स्वतःच्या वळणदार अक्षरात रोज लिहून ठेवत असे. कुणी सांगितलं नव्हतं, तरी लिहीत असे, आणि खाली तारीख. तिनं त्याला बाटल्या घेऊन नाल्याच्या तोंडाशी बोलावलं. “इथून घ्यायचा नमुना?” तो म्हणाला. “इथून तर आपण कधी घेत नाही.” “आज घ्यायचा.” तो खाली उतरला, घोट्यापर्यंत त्या काळ्या पाण्यात. वर आला तेव्हा त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला कसलाच वास येत नाहीये. कित्येक वर्षांत आला नव्हता. लोकांच्या चेहऱ्यांवरूनच तिला वास कळायचा. सव्वीस वर्षांत या कामानं तिचं नाक नेलं होतं आणि त्याचा कुठे शेरासुद्धा नव्हता. तपासणी करून, दोन पानं हातानं लिहून, दुसऱ्या दिवशी तिनं हरकतींच्या खिडकीवर दिली. नाव, पत्ता, नागरिक. आतल्या कारकुनानं न वाचता शिक्का मारला.

आता धाकट्याला सांगणं भाग होतं. बुधवारी संध्याकाळी ती गेली तर तो कामावरून आला नव्हता. भावजयीनं दार उघडलं. मागे खोलीत खोकी दोरीनं बांधून रचून ठेवलेली होती. भावजय कमी बोलणारी, कधी उलट शब्द नाही. उभ्या उभ्या तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे घर मिळणार नाही,” ती म्हणाली.

“उशिरा मिळेल. केंद्र वाढवलं की...”

“ताई, सव्वीस वर्षं तुम्ही गप्प बसलात. एवढ्या इमारती झाल्या, लोक राहायला गेले, नांदतायत. आणि तोंड उघडायला तुम्हाला आमचंच घर सापडलं?”

जिना उतरताना तिला भावजयीचा भयंकर राग आला, कारण ती बरोबर बोलली होती. साहेब चूक बोलत होते तर त्यांचा राग धरता येत होता, त्याला कडी होती. हा राग हातात धरायला जागाच नव्हती. खरंच, सही दिसली नसती तर ती बोलली असती? सतरा काविळींनी जे झालं नाही ते एका सहीनं व्हावं? म्हणजे नदीचं काही नव्हतं, गावाचं काही नव्हतं, आपलं नाव वापरलं एवढंच झोंबलं होतं? असेल. तसंही असेल. रस्ता ओलांडता ओलांडता ती मोठ्यानं म्हणाली, “असू दे!” शेजारून चाललेला माणूस दचकून बाजूला झाला.

सुनावणीचं सभागृह मोठं होतं आणि पंखे आवाज करणारे होते. उजवीकडे बिल्डरनं बसमधून आणलेले घरवाले, सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, त्यावर हिरव्या अक्षरांत ‘माझं घर, माझा हक्क’. डावीकडे हरकती घेणारे, एकूण सहा जण, त्यातला एक झोपलेला. व्यासपीठावर तीन सदस्य. मधल्या अध्यक्षबाईंसमोर पितळी घंटा. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. लोणीसाहेब पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनी तिला मान लववून नमस्कार केला. धाकटा चौथ्या रांगेत होता. टोपी त्याला मोठी होत होती, कानांपर्यंत आली होती. या टोप्यांखाली लबाड असं एकही माणूस नव्हतं, आणि हेच तिला सहन होईना. ज्यांनी लबाडी केली त्यांना यायचीसुद्धा गरज पडली नव्हती. त्यांनी टोप्या पाठवल्या होत्या. एकीकडे घर मागणारी माणसं, दुसरीकडे नदी मागणारी माणसं, आणि दोघांना समोरासमोर बसवून मध्ये घंटा ठेवली होती.

तिचं नाव पुकारलं. तिनं नमुन्यांचे आकडे वाचले, चाकाच्या वेळा वाचल्या. मग म्हणाली, “पान एकशे त्रेचाळीसवरची सही माझी आहे. ती अकरा वर्षांपूर्वीची आहे. आज केंद्रात शिल्लक जागा शून्य आहे. शून्यही नाही, उणे आहे.” उजवीकडे गलका झाला. कुणीतरी ओरडलं, खाली बसा.

अध्यक्षबाईंनी कागद वर केला. “तुम्ही तर केंद्रातल्याच कर्मचारी आहात.”

“मी नागरिक म्हणून आलेय.”

“पण आकडे कार्यालयाचे आहेत. ते बाहेर देता येत नाहीत, माहीत आहे ना तुम्हाला?”

“मी ते बाहेर दिलेच नाहीत,” ती म्हणाली. “नदीत सोडलेत. रोज सकाळी नऊ वाजता. तिथून कुणीही घ्यावेत.”

झोपलेला माणूस जागा झाला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. घंटा वाजली. ती बोलत राहिली. खालच्या गावाचं नाव तिनं घेतलं, सतरा काविळी सांगितल्या, आणि मग, हे लिहून आणलं नव्हतं, म्हणाली, “त्यांचं पाणी मी तपासलं होतं. त्यांनी लिहून मागितलं, मी दिलं नाही. ते आज इथे लिहून घ्या.” घंटा पुन्हा वाजली, मग सलग वाजत राहिली, दारावर उभं राहून कुणी वाजवावी तशी. चौथ्या रांगेत धाकट्याच्या शेजारचा माणूस त्याच्याकडे वळून म्हणाला, “कोण आहे ही बया?” हे तिला ओठांवरून कळलं. धाकट्यानं खांदे उडवले. तेवढंच. लहानपणी शाळेत कुणी मारलं की हाच ‘माझी ताई बघून घेईल’ म्हणायचा. अध्यक्षबाई म्हणाल्या, “नोंद घेतली आहे. पुढचे.” ती खाली उतरली. अजून ओरडायचं राहिलंच होतं.

बाराव्या दिवशी दोन कागद आले. एक तिच्या बदलीचा: जुन्या नोंदींचा विभाग, तळघर, उद्यापासून हजर. तो तिनं घडी करून पर्समध्ये टाकला, त्याचं तिला काहीच वाटलं नाही. दुसरा सुनावणीचा निकाल. ‘प्राप्त हरकतींचा साकल्याने विचार करून’ टॉवर एक ते सहा यांना जोडणी मंजूर, सात ते चौदा यांना केंद्राची वाढ होईपर्यंत स्थगिती. तिनं तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. एक ते सहा हे मोठ्या घरांचे टॉवर, बागेकडे तोंड असलेले. सात ते चौदा लहान घरांचे. म्हणजे तिचं म्हणणं त्यांनी मान्य केलं होतं! जागा नाही हे मान्य करून, जी नाही त्यातली निम्मी त्यांनी बागेकडच्या लोकांना वाटून टाकली होती. शून्याचा अर्धा किती? पहिलीतलं पोरही सांगेल. चाकवाल्याला रोज अर्धा तास जास्त चाक उघडं ठेवावं लागेल, एवढाच त्याचा हिशेब. आणि ज्यांना टोपी मोठी होत होती ते बाहेर, आणि ते तिच्या शब्दानं बाहेर. तिचं खरं बोलणं नेमकं तासून, टोकदार करून त्यांनी त्याच माणसांच्या पोटात खुपसलं होतं. तिनं निकालाचा कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अपिलाचा मसुदा लिहायला घेतला. सौम्य भाषा सोडून.

शनिवारी सकाळी धाकटा आला. दारातच उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. भांडायला आला असेल तर भांडू दे, असं म्हणून ती दारातून बाजूला झाली, पण तो आत येईना.

“खोकी सोडली आम्ही,” तो म्हणाला. “मालकानं खोली आणखी एक वर्ष दिलीय.”

“बरं.”

“ती म्हणते, तुझ्याशी बोलायचं नाही.”

“मग?”

“मला एवढंच सांग. ते जे तू तिथे बोललीस, ते सगळं खरं होतं?”

“सगळं.”

“आणि त्या सहा टॉवरांचं पाणी जातं कुठे? आमचं जाणार होतं तिथेच ना?”

“तिथेच. त्याच नळीतून, त्याच दारातून, त्याच नदीत.”

तो चौकटीला टेकला. त्याच्या मानेवरची शीर उडताना तिला दिसली. वडिलांची अशीच उडायची. “मी तुझ्यावर चिडून आलो होतो,” तो म्हणाला. “येताना बसमध्ये सगळं पाठ केलं होतं, काय काय बोलायचं ते. पण ते सहा टॉवर डोक्यातून जाईनात. तिथे गालिचे टाकायला लागलेत, ताई. मी बघून आलो काल.” मग त्याची नजर टेबलावरच्या कागदांकडे गेली. “हे काय?”

“अपील. पहिल्या सहांचीही परवानगी रद्द करा म्हणून.”

“एकटीच करणार?”

“एकटीच.”

“माझं नाव घाल.” तो घाईघाईनं, जवळजवळ ओरडूनच म्हणाला. “पण हे आधीच सांगतो, मला नदीबिदीचं काही नाही. मला घर नाही, तर त्यांना तरी का? एवढंच आहे माझं. चालेल का हे कारण?”

नर्स दारात चपला काढून उभी होती तेव्हा बोलायला आपल्यापाशी एवढंही कारण नव्हतं, असं तिच्या मनात आलं.

“आजच्यापुरतं चालेल,” ती म्हणाली. “बस.”

तो आत आला आणि बूट न काढताच टेबलाशी बसला.